नव्या सुरक्षा सुपरवायझरसाठी: पोलीस ठाण्याशी कसं जोडून घ्यायचं

गृहसंकुलाच्या, कंपनीच्या किंवा रुग्णालयाच्या गेटवर सुपरवायझर म्हणून नुकतेच रुजू झालेल्यांसाठी हा लेख आहे. एजन्सी परेड शिकवते, सलाम शिकवते, आग विझवायचा सिलिंडर कसा उघडायचा ते दाखवते. पोलिसांबरोबर काम कसं करायचं हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही. मग पहिली चोरी होते, पोलीस येतात, प्रश्न विचारतात आणि नवा माणूस गांगरतो. त्याचा फटका गार्डला बसतो आणि तपासालाही.

आपल्याला पोलिसांचे अधिकार नाहीत, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्कं असू द्या. अंगझडती, उलटतपासणी, दमदाटी यातलं काहीच आपलं काम नाही. पण पोलिसांकडे जे नसतं ते आपल्याकडे भरपूर असतं, ते म्हणजे एकाच जागेवरचे रोजचे बारा तास. कुठली गाडी नेहमीची, कुठली नवी, दूधवाला किती वाजता येतो, गच्चीचं दार कोण उघडं टाकतं, हे आपल्या गार्डला ठाऊक असतं. बीटच्या, म्हणजे नेमून दिलेल्या भागाच्या, हवालदाराकडे अख्खी वस्ती असते, त्याला ते कळणं शक्य नाही. आपल्या गार्डनं पाहिलेलं, वेळेसकट लिहिलेलं, योग्य माणसापर्यंत वेळेवर पोचवणं हीच आपली मदत. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. ठाण्यात जाण्याआधी आपले कागद तपासा

एजन्सीकडे २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायद्याखालचा परवाना आहे का, ते पहिल्याच आठवड्यात बघा. या कायद्याला आपल्या धंद्यात सगळे ‘पसारा’ म्हणतात. परवाना पाच वर्षांचा असतो, म्हणून त्यावरची तारीख वाचा. विनापरवाना एजन्सी चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, २५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. महाराष्ट्रात याशिवाय १९८१ च्या कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळाकडून येणारे रक्षक आहेत. २०१० च्या कायद्यानं उभं राहिलेलं महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळही आहे. मुंबईच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात रेल्वे पोलिसांच्या मदतीला या महामंडळाचेच जवान असतात. तुमचे गार्ड यांपैकी कुठले, की सोसायटीनं थेट पगारावर ठेवलेले, हे पोलीस विचारणार. उत्तर तयार ठेवा.

गणवेशाकडे नीट बघा. पोलीस किंवा लष्करासारखा दिसणारा पोशाख गार्डनं घातला, तर गार्ड आणि एजन्सीचा मालक दोघांनाही शिक्षा होऊ शकते: एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काही कमिट्यांना खाकी रुबाबदार वाटते आणि त्या आग्रह धरतात. कायदा दाखवा आणि स्पष्ट नाही म्हणा. प्रत्येक गार्डच्या छातीवर फोटोचं ओळखपत्र हवंच.

केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत (त्यांच्या जागी २०२० मध्ये नवे नमुना नियम आले) गार्डसाठी १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण सांगितलं होतं. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ते कमी होतं. एका सुपरवायझरकडे पंधरापेक्षा जास्त गार्ड नसावेत, असंही त्यांत होतं. तुमच्याकडे तीन साइट मिळून पस्तीस जण दिले असतील तर एजन्सीला लेखी कळवा. तोंडी तक्रार दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

राहिली चारित्र्य पडताळणी. वडाळ्यात २०१२ साली एका तरुण वकील महिलेचा तिच्याच घरात खून झाला आणि इमारतीचा रखवालदार त्यात दोषी ठरला. ज्याच्या हाती लोकांनी चाव्या ठेवायच्या तो कोण आहे, हे माहीत असणं इतकं गंभीर आहे. गार्ड बीडचा असो की बिहारचा, पडताळणी त्याच्या मूळ गावच्या ठाण्यापर्यंत गेली पाहिजे. ती होऊन येईपर्यंत चाव्यांचं कपाट त्याच्या ताब्यात देऊ नका. पण त्याला हे सांगताना संशयाच्या सुरात सांगू नका. घरफोडी झाली की पहिली बोटं वॉचमनकडे वळतात, हा या गरीब माणसांवर रोज होणारा अन्याय आहे. ज्याचे कागद ठाण्यात आधीच जमा आहेत, ज्याचा फोटो आणि गावचा पत्ता तिथे लागलेला आहे, त्याच्या पाठीशी काहीतरी उभं असतं. हे त्याला समजावून सांगा. तो स्वतःहून कागद आणून देईल.

२. ठाण्यातली पहिली भेट

आपली साइट नेमक्या कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येते ते विचारून घ्या. शहरात रस्त्याची एक बाजू एका ठाण्याकडे आणि समोरची दुसऱ्याकडे, असं सर्रास असतं. गुन्ह्याची खबर आता कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. पण रोजच्या संबंधांसाठी आपलं ठाणं आणि आपली चौकी कुठली, हे माहीत हवं.

जाताना एकच पान घेऊन जा. त्यावर संकुलाचं नाव, पूर्ण पत्ता आणि जवळची खूण, इमारती आणि घरं किती, कुठल्या पाळीत किती गार्ड, दिवसाच्या आणि रात्रीच्या सुपरवायझरचे मोबाइल नंबर, सोसायटीच्या सेक्रेटरीचा नंबर. मागच्या बाजूला हातानं काढलेला नकाशा. गेट कुठे, कॅमेरे कुठे, रेकॉर्डिंगचं मशीन कुठल्या खोलीत, गच्चीचे जिने, कंपाउंड कुठे पडलंय, कुठे दिवा नाही. हा नकाशा सुबक नसला तरी चालेल, खरा असला पाहिजे. रात्री गाडी घेऊन आलेल्या पोलिसाला मागचं गेट कुलूपबंद असल्याचं आधीच माहीत असेल, तर त्याचा वेळ वाचतो, आणि तोच वेळ चोराला पळायला मिळत असतो.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. पोच न घेता परतू नका.

सकाळची हजेरी आणि कामवाटप आटोपल्यावर, साधारण अकराच्या पुढे जा. बंदोबस्ताच्या दिवशी, निवडणुकीच्या काळात किंवा मंत्र्यांचा दौरा असताना गेलात तर कुणाचंच लक्ष नसतं, आणि ते साहजिकच आहे. आत गेल्यावर समोर बसलेले ठाणे अंमलदार. तक्रार तेच घेतात, स्टेशन डायरी त्यांच्याकडे असते. त्यांना नमस्कार करून कामाचं सांगा आणि आपल्या भागाचे बीट अंमलदार कोण, ते विचारा. तुमचा रोजचा संबंध यांच्याशी. मोटरसायकलवरून जोडीनं फिरणारे बीट मार्शल वेगळे. ते रात्री गेटवर येतील तेव्हा ओळख करून घ्या. गोपनीयचे अंमलदारही असतात, ते साध्या कपड्यांत फिरतात आणि वस्तीतल्या हालचालींची माहिती ठेवतात. वरिष्ठ निरीक्षकांना भेटायचा हट्ट पहिल्या दिवशी धरायचं कारण नाही. वर्षानुवर्षं संबंध टिकतात ते हवालदारांशी, आणि वस्तीची खरी जाणही त्यांनाच असते.

भेटवस्तू, मिठाईचा बॉक्स, ‘साहेब, चहापाणी’ असलं काही नेऊ नका. एकदा ती वाट पडली की पुढचं प्रत्येक काम त्याच वाटेनं जाऊ लागतं, आणि जो हवालदार सरळ आहे त्याचाही तुमच्यावरचा विश्वास उडतो.

३. नोंदवही

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण सगळं पुढचं काम हिच्यावर उभं आहे.

बहुतेक साइटवरची वही अशी असते: ‘रात्रपाळी. सर्व ठीक. सही.’ महिनाभर हेच. चोरी झाल्यावर पोलीस वही मागतात, पानं उलटतात आणि बाजूला ठेवतात. आता ही नोंद बघा:

‘रात्री २.४७. बी विंगमागची भिंत. दोन पुरुष, वय अंदाजे २० ते २५, एकाच्या अंगात निळा टी-शर्ट, दुसऱ्याच्या पाठीला काळी सॅक. भिंतीवर बसलेले. टॉर्च मारल्यावर नाल्याच्या बाजूला उड्या टाकून पळाले. २.५१ ला ११२ ला फोन. ३.०८ ला बीट मार्शल आले, मागची बाजू पाहून ३.२० ला गेले.’

खाली गार्डचं नाव आणि सही. एवढंच. यात कुठेही ‘संशयास्पद इसम’ नाही. ते दोन शब्द लिहून गार्डला वाटतं काम झालं, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. तो माणूस काय करत होता ते लिहायला शिकवा. घंटी न वाजवता दारांची कुलुपं बघत फिरत होता. पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचांतून आत डोकावत होता. कुणाकडे जायचंय विचारल्यावर फ्लॅट नंबर सांगता आला नाही.

एखाद्याची भाषा, धर्म, कपड्यांवरून ओळखलेली जात, ‘अमुक राज्याचा वाटला’ हे नोंदीत येता कामा नये. तसं लिहिलं की गार्डची नजर माणसांवर अडकते आणि कृतीवरून सुटते. डिलिव्हरीची पोरं, भंगारवाले, घरकामाच्या मावश्या यांच्याकडे दिवसभर चोर म्हणून पाहिलं जातं, आणि चांगल्या गाडीतून आलेल्याला सलाम ठोकून आत सोडलं जातं. तो सलाम थांबवा. गाडीतल्यालाही कुठे जायचंय ते विचारा आणि गाडीचा पूर्ण नंबर लिहा. शेवटचे चार आकडे पुरत नाहीत.

वहीला पानांचे नंबर हवेत. नोंद पेनानं, ओळ न सोडता. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही, खाडाखोड नाही आणि पान फाडणं तर कधीच नाही. वेळ घटना घडली त्या क्षणाची, पाळी संपताना आठवून लिहिलेली नाही. ज्याला लिहिता येत नाही अशा गार्डची नोंद त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्यानं लिहावी आणि ‘अमुक यांच्या सांगण्यावरून’ असं खाली स्पष्ट म्हणावं.

वहीचा खरेपणा गार्डच्या शरीरावरही अवलंबून असतो, हे कमिटीला सांगायची जबाबदारी तुमची. रिलीव्हर आला नाही म्हणून डबल ड्युटी लावलेला, चोवीस तास जागा असलेला माणूस पहाटे चारला काय पाहणार आणि काय लिहिणार? कोर्टात त्याच्या नोंदीवर कुणी विश्वास का ठेवावा? त्याला बसायला खुर्ची हवी, प्यायला पाणी हवं, रात्री एकदा चहा हवा आणि वेळेवर सुटी हवी. हे मागताना अजिबात संकोचू नका.

रात्रीच्या फेरीत बीट मार्शल आले तर त्यांची वेळ आपल्या वहीत लिहा. अनेक शहरांत पोलिसांनी गस्तीच्या जागी क्यूआर कोड लावले आहेत, ते स्कॅन करून जातात. तो कोड तुमच्या गेटवर असेल तर त्याच्यासमोर गाड्या लागू देऊ नका आणि दिवा चालू ठेवा.

४. ११२ ला फोन कसा करायचा

महाराष्ट्रातले ११२ चे फोन नवी मुंबई आणि नागपूर इथल्या केंद्रांत उचलले जातात आणि तिथून तुमच्या भागातल्या गाडीला निरोप जातो. म्हणजे पलीकडची व्यक्ती तुमची गल्ली ओळखत नाही. ‘साईबाबा मंदिराजवळ या’ एवढ्यानं भागणार नाही, अशी मंदिरं प्रत्येक शहरात आहेत. गार्डला आधी जागा सांगायची सवय लावा:

‘ठाणे पश्चिम, घोडबंदर रोड, अमुक संकुल, गेट नंबर दोन. मी सुरक्षा रक्षक बोलतोय. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर दोन माणसं बंद घराचं कुलूप तोडताना दिसली. अजून आत आहेत. हातात लोखंडी सळई आहे. मी गेटवर थांबतो, गेट उघडं ठेवतो.’

आधी ठिकाण, मग काय चाललंय, मग हत्यार किंवा जखमी आहे का, शेवटी भेटणारा माणूस कोण. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. एक कागद लिहून केबिनमध्ये चिकटवा, कारण घाबरलेला माणूस आपल्याच संकुलाचं नाव विसरतो. महिन्यातून एकदा प्रत्येक गार्डकडून ते मोठ्यानं म्हणून घ्या, फोन न लावता.

आधी सेक्रेटरीला विचारून मग पोलिसांना कळवायचं, ही पद्धत अनेक साइटवर आहे. कुलूप तुटताना दिसतंय, कुणी मार खातंय, बाई ओरडतेय, मूल सापडत नाही, अशा वेळी ती पद्धत मोडायची. आधी ११२, नंतर सेक्रेटरी. हे कमिटीकडून लेखी मान्य करून घ्या म्हणजे गार्डच्या नोकरीवर येणार नाही. ऑनलाइन पैसे लुबाडले गेल्याचं एखादा रहिवासी गेटवर येऊन सांगतो, त्याला लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावायला सांगा.

५. कुणी हाती लागलं तर

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य माणूसही एखाद्याला धरू शकतो, पण कधी? त्याच्या डोळ्यांसमोर दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर, किंवा समोरचा फरारी घोषित आरोपी असेल तर. आणि धरल्यावर विनाकारण वेळ न काढता, जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. सहा तास ही कमाल मर्यादा आहे, म्हणून तेवढा वेळ बसवून ठेवायचं असं नाही. फोन केला की पोलीस येतातच.

नव्या कायद्यात पाच हजारांखालची, पहिल्यांदाच केलेली साधी चोरी अदखलपात्र धरली आहे. घरात शिरून केलेली चोरी मात्र वेगळ्या कलमात आणि गंभीर. गेटवर उभ्या गार्डनं ही गणितं करावीत अशी अपेक्षा नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: पळणारा पळू दे, चेहरा, कपडे, गाडी आणि दिशा लक्षात ठेव, फोन लाव. धरायची वेळ आलीच तर दोघांनी मिळून, कॅमेऱ्यासमोर.

धरलेल्या माणसाला उजेडात, कॅमेऱ्याच्या टप्प्यात बसवा. पाणी द्या. त्याचा फोन हिसकावू नका, खिशात हात घालू नका, कबुलीचा व्हिडिओ काढू नका. रहिवासी जमतात आणि कुणीतरी हात उचलतो, हा सगळ्यात धोक्याचा क्षण. मारहाण झाली तर चोर जखमी म्हणून रुग्णालयात जातो आणि गार्ड आरोपी म्हणून कोठडीत. जमाव आणि धरलेला माणूस यांच्यामध्ये तुम्ही उभं राहायचं, अगदी सोसायटीचा अध्यक्ष समोर असला तरी. बाई असेल तर महिला गार्ड जवळ बसवा. मूल असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनलाही कळवा आणि ते मूल आहे हे पोलिसांना फोनवरच सांगा.

६. घटनास्थळ आणि फुटेज

पोलीस पोचेपर्यंत जागा जशीच्या तशी राहिली पाहिजे. तुटलेलं कुलूप उचलू नका, दार लोटू नका, वस्तू जागेवर ठेवायला घरमालकाला जाऊ देऊ नका. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. सकाळी हाऊसकीपिंगची बाई नेहमीप्रमाणे येते आणि जिना पुसून काढते. बुटांचे ठसे, रक्ताचे डाग सगळं बादलीत जातं. कचऱ्याची गाडी येते आणि जिन्याखाली टाकलेली सॅक घेऊन जाते. घटना रात्रीची असेल तर या दोघांना आधी थांबवा, मग बाकीची कामं.

बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, उघडायची नाही, हलवायची नाही. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत बेवारस बॅगेतल्याच बॉम्बचा स्फोट झाला होता. लोकांना लांब न्या, दोरी बांधा, ११२ ला कळवा. बॅग कुणाची तरी विसरलेली निघाली तरी तुम्ही बरोबरच वागलात.

आता कॅमेरे. दर सोमवारी डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मशीनचं, घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी ताडून बघा. वीज गेली की ही घड्याळं मागे पडतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सात मिनिटांचा फरक असेल तर वहीत लिहा: ‘डीव्हीआर सात मिनिटं मागे.’ ही एक ओळ कोर्टात फार कामाची ठरते, कारण फोनचं रेकॉर्ड आणि फुटेज जुळवताना तेच सात मिनिटांचं अंतर वकील धरून बसतात. किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, तेही बघा. किमान ३० दिवस राहील असा हार्ड डिस्कचा आकार कमिटीकडे मागा. घटना घडल्या दिवशीच त्या तासांची प्रत काढून ठेवा, नाहीतर नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढतं.

पोलीस फुटेज मागतात तेव्हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागणी घ्या आणि कोणाला काय दिलं त्याची पोच ठेवा. फुटेजसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात: पहिला भाग मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, त्यात लिहावी लागते. फाइलमध्ये नंतर फेरफार झाला तर ती बदलते. हे काम कॅमेऱ्याच्या कंत्राटदाराला आधीच समजावून ठेवा. मूल हरवलंय, कुणाच्या जिवावर बेतलंय अशा वेळी कागद मागत बसू नका. पोलिसांना लगेच स्क्रीनसमोर बसवा, कागद मागाहून.

फुटेज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. एकदाही नाही. आरोपी सावध होतो, पीडित बाईची बदनामी होते आणि एखाद्या निरपराध माणसाचा चेहरा चोर म्हणून गावभर फिरतो.

७. जबाब आणि पंचनामा

गार्डला साक्षीदार म्हणून बोलावलं की त्याचे हातपाय गळतात. त्याला एकट्याला पाठवू नका, पहिल्यांदा तुम्ही सोबत जा. साक्षीदाराला बोलावणं लेखी असायला हवं. संहितेच्या कलम १७९ नुसार साठ वर्षांवरचा पुरुष, कुठलीही महिला, दिव्यांग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या राहत्या जागी जायचं असतं. ते स्वखुशीनं जाऊ शकतात. आपल्याकडे रात्रपाळीला साठीच्या पुढचे किती गार्ड असतात, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून हे कलम लक्षात ठेवा आणि अंमलदारांना नम्रपणे आठवण करून द्या. बहुतेक जण ऐकतात.

तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. पण जबाब वाचून दाखवायला सांगा. गार्डनं पाहिलं तेवढंच सांगावं. ‘तोच असेल’, ‘सगळे म्हणत होते’ ही वाक्यं नकोत. पाहिलं नसेल तर ‘पाहिलं नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. फिर्याद कुणीही दिली तरी एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती आणून फाइलला लावा.

पंच म्हणून गार्डला उभं करणं ही पोलिसांची जुनी सवय आहे, कारण तो हाताशी असतो. पंच व्हायला हरकत नाही, पण सही करण्याआधी पंचनामा वाचायचा आणि लिहिलेली वस्तू खरंच समोर सापडली का, ते बघायचं. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानंच सांगितलं आहे. पुढे दोन-चार वर्षांनी कोर्टाचं समन्स येईल तेव्हा तो गार्ड दुसऱ्या शहरात असेल. त्याचा कायमचा पत्ता आणि घरच्यांचा नंबर तुमच्या फाइलमध्ये हवा. कोर्टाच्या तारखेचा दिवस हजेरीत धरायला एजन्सीला लावा. साक्ष देणाऱ्या गरीब माणसाचा त्या दिवसाचा पगार कापणं ही मोठी नाइन्साफी आहे.

८. गेटवर पोलीस आले की

अडवायचं नाही. आदरानं विचारा: ‘साहेब, कुठल्या ठाण्याचे? ओळखपत्र दाखवता का?’ खरा पोलीस याचा राग धरत नाही, आणि धरला तरी शांतपणे उभं राहायचं. तोतया पोलीस बनून म्हाताऱ्या माणसांचे दागिने नेणाऱ्या टोळ्या आपल्या शहरांत कायम असतात. साध्या वेशातले आलेत आणि खात्री वाटत नाही, तर ठाण्याच्या नंबरवर फोन करून विचारा. ‘आमच्या साहेबांशी बोला’ म्हणून ते जो नंबर देतात त्यावर नको. आल्याची आणि गेल्याची वेळ लिहा. कुणाच्या घरी गेले ते इतरांना सांगत सुटू नका.

माहिती देण्याबाबत पसारा कायद्याचं कलम १८ नीट वाचा. नोकरीत कळलेली माहिती गार्डनं बाहेर सांगायची नाही, पण पोलिसांच्या तपासात लागेल ती द्यायची. कामावर असताना कायद्याचं उल्लंघन दिसलं तर गार्डनं वरिष्ठाला सांगायचं आणि वरिष्ठानं पोलिसांना कळवायचं. तो वरिष्ठ आता तुम्ही आहात. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर गप्प राहणं हाच पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. ‘सोसायटीचं नाव खराब होईल’ असं कमिटी म्हणाली तरी कळवायचं. त्यात विचार करण्यासारखं काहीच नाही.

रहिवाशांची यादी, कोण कुणाकडे येतं याचं रजिस्टर, हे फोनवरच्या सांगण्यावरून कुणालाही द्यायचं नाही. लेखी मागणी आली की द्यायचं आणि नोंद करायची.

९. सण, बंदोबस्त आणि बदल्या

गणपती, दहीहंडी, नवरात्र, ३१ डिसेंबर या दिवसांत बीटचे निम्मे लोक बंदोबस्ताला जातात. गाडी यायला वेळ लागू शकतो, म्हणून रात्रीचे दोन गार्ड जास्त मागा आणि आठ दिवस आधी बीट अंमलदारांना भेटून संकुलात काय कार्यक्रम आहे ते सांगा. रात्री दहानंतर लाउडस्पीकरवरून भांडण होणार हे ठरलेलं असतं. गार्डनं मंडळाच्या पोरांशी हुज्जत घालायची नाही, आयोजकांचा नंबर हाताशी ठेवायचा. २ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन असतो आणि त्या आठवड्यात ठाण्यांत लोकांसाठी कार्यक्रम होतात. तुमच्या गार्डना पाळी बदलून तिथे घेऊन जा. एरवी ठाण्याची पायरी ज्यांना भीतीची वाटते ते आत जाऊन हवालदाराशी बोलून येतात, मग रात्री फोन करताना त्यांची जीभ अडत नाही.

पोलिसांच्या सर्वसाधारण बदल्या उन्हाळ्यात होतात. म्हणून जूनमध्ये पुन्हा एकदा ठाण्यात जा, नवे बीट अंमलदार कोण ते विचारा, तेच एक पान नव्या तारखेनं द्या आणि पोच घ्या. तुमची स्वतःची साइट बदलली तर पुढच्या सुपरवायझरला सोबत नेऊन त्यांची ओळख करून द्या आणि फाइल त्याच्या हातात सही घेऊन सोपवा.